किती एमएम ते नको, रोलर किती फिरला ते विचारा



बंदी लागली. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. होड्या वर ओढून झाल्या, इंजिनं मेकॅनिककडे गेली, जाळी पडवीत आली. आता आपल्यातले बरेच जण फायबरवाल्याच्या शेडमध्ये खेपा घालणार. कोण तळ दुरुस्त करून घ्यायला, कोण नवीन होडी सांगायला. तिथं गेल्यावर आपण सगळे दोनच गोष्टी विचारतो. 'किती एमएम देणार?' आणि 'कधी देणार?'

हे दोन्ही प्रश्न आपल्याच मुळावर येतायत, असं आमचं स्पष्ट मत झालंय. का झालं ते सांगतो.

आपल्याच एका सभासदाची होडी. दुसराच हंगाम. किनाऱ्याला लागताना लाटेनं आडवी केली आणि बाजूनं वाळूवर आपटली. असं आपल्याकडे दहादा होतं, त्यात नवल काही नाही. पण या होडीची बाजू आतून फुटली. आम्ही चार-पाच जण बघायला गेलो. फुटलेल्या कडेला हात घातला तर थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटून आले. मधल्या थरात मॅटचे दोरे पांढरेफट्ट, कोरडे, जसे गुंडाळीतून निघतात तसेच. रेझिन त्यांना लागलंच नव्हतं. आणि त्याच्या शेजारी, दोन बोटांवर, काचेसारखा नुसत्या रेझिनचा गोळा साचलेला. जाडी मोजली. ठरल्याप्रमाणे 8 एमएम भरली! मालकानं 8 मागितली होती, करणाऱ्यानं 8 दिली होती. आता भांडायचं तरी कशावरून?

शेडचं नाव आम्ही इथं घेत नाही, कुणी कमेंटमध्येही घेऊ नये. कारण दोष एकट्या त्या शेडचा नाही. त्यातला निम्मा आपला आहे.

फायबरची होडी म्हणजे काय, हे आपण रोज वापरूनही फारसं बघितलेलं नसतं. काचेचे धागे ताकद देतात. रेझिन त्यांना धरून ठेवतं, एका धाग्यावरचा ताण दुसऱ्यावर नेतं आणि पाणी बाहेर ठेवतं. नुसतं रेझिन ठिसूळ असतं, आपटलं की तडकतं. नुसती मॅट म्हणजे चिंधी. दोन्ही एकमेकांत पुरती मुरली, मधली हवा निघाली, तरच त्याची होडी होते. आणि ती हवा काढणारी एकच गोष्ट आपल्याकडच्या शेडमध्ये असते. तो छोटा, खाचांचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रोलर आणि तो धरणारा हात.

साच्याला जेलकोट मारला, त्यावर मॅट टाकली, ब्रशनं रेझिन लावलं. इथवर काम कुणालाही जमतं. नेहमीची 450 ग्रॅमची मॅट हातात घेऊन बघा, कापसासारखी फुगलेली असते. त्यातली काच दाबून सपाट केली तर एका थराला पाव मिलिमीटरही भरत नाही. बाकी सगळी हवा. त्या हवेच्या जागी रेझिन गेलं पाहिजे आणि जास्तीचं रेझिन बाहेर आलं पाहिजे. ते होतं रोलरच्या दाबानं.

पण दाब म्हणजे जोर नाही, हेही लक्षात घ्या. मॅटचे धागे एका चिकटीनं धरलेले असतात. रेझिन लागल्यावर ती चिकट विरघळायला मिनिट-दोन मिनिटं जातात. तेवढा वेळ दिला की मॅट ओल्या कपड्यासारखी मऊ होऊन साच्यावर बसते. नाही दिला तर ती स्प्रिंगसारखी वर उठते. रोलर पुढे गेला की मागे पुन्हा फुगते आणि हवा आत ओढते. चांगला कारागीर रेझिन लावून थांबतो, मग मधून कडेकडे, सावकाश, सारख्या दाबानं रोलर फिरवतो. घाईतला माणूस जोर लावतो. जोरानं मॅट सरकते, धागे तुटतात, उभ्या बाजूवरचं रेझिन पिळून खाली उतरतं. बाजू कोरडी पडते आणि तळात डबकं साचतं. भराभर फिरवला तर रेझिनला फेस येतो, म्हणजे हवा काढायच्या ऐवजी घातली. आमच्या त्या होडीत हेच झालेलं. बाजू कोरडी आणि कोपऱ्यात रेझिनचा गोळा, दोन्ही एकाच घाईतून.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे कोपरे. कीलची खाच, पुढचं टोक, मागच्या फळीची कड, जिथं इंजीन बसतं. मॅटला वळायचं नसतं, ती कोपऱ्यावरून पुलासारखी आडवी जाते आणि खाली पोकळी राहते. वर जेलकोट गुळगुळीत, चकाचक. पहिला दगड लागला की अंड्याच्या कवचासारखा फुटतो. म्हणून जेलकोटवरचा पहिला थर पातळ, 300 ग्रॅमच्या मॅटचा घ्यावा, त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा आणि तो वाळल्यावर तपासूनच पुढचे थर घालावेत. आपण कधी पहिला थर बघायला जातो का? आपण जातो तो रंग झाल्यावर, नाव कुठल्या अक्षरात काढायचं ते सांगायला.

आता एमएमचा हिशेब. हा जरा नीट वाचा, कारण पैसे इथं जातात.

450 ग्रॅमच्या मॅटचा थर नीट दाबला, वजनात 30 टक्के काच आणि 70 टक्के रेझिन असं प्रमाण आलं, तर थराची जाडी साधारण 1.05 एमएम भरते. सहा थरांचे 6.3 एमएम. तेच काम निष्काळजीपणे झालं, रेझिन जास्त राहिलं, काच 25 टक्क्यांवर आली, तर एक थर 1.3 एमएमचा होतो आणि सहा थरांचे 7.8 एमएम. काच दोन्हीकडे तेवढीच, एक ग्रॅम जास्त नाही. पण दुसरी होडी कॅलिपरवर 'जाड' दिसते आणि मुठीनं ठोकली तर टणकही वाटते. शिवाय दर चौरस मीटरला 1.8 किलो जास्त वजन. तळ आणि बाजू मिळून 30 चौरस मीटर धरले तर 54 किलो. म्हणजे मासळीच्या दोन क्रेट आयुष्यभर फुकट वाहायच्या, इंधन आपलं, आणि वाळूवरून ओढणारे खांदेही आपलेच.

म्हणजे बघा, आपण 'जाडी दे' म्हणतो तेव्हा नकळत 'दाबू नको' असंच सांगतो. जो कारागीर जीव ओतून रोलर फिरवतो त्याची होडी पातळ भरते आणि त्यालाच आपण 'मॅट चोरलीस' म्हणतो. असं बोललेलं आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही एक-दोघांनी पूर्वी बोललंय.

राहिलेली हवा किती घातक, याचे प्रयोग जगात खूप झालेत. थरांमधल्या पोकळ्या 1 टक्क्यानं वाढल्या की एक थर दुसऱ्याला धरून ठेवण्याची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी कमी होते, असा मोटा हिशेब आहे. पोकळी 4 टक्क्यांपर्यंत असेतो तो लागू पडतो. म्हणजे 4 टक्के पोकळीला पाव ताकद गेली. ती दिसत नाही. बंदरात दिसत नाही, नारळी पौर्णिमेला नारळ वाढवताना दिसत नाही. दिसते ती आडवी लाट बसल्यावर.

जेटीला कायम पाण्यात राहणाऱ्या बोटींचं दुखणं आणखी वेगळं. जेलकोटमधून पाणी हळूहळू मुरतं, त्या पोकळ्यांत साचतं, आतला विरघळणारा माल घेऊन आंबट होतं आणि बाहेर फोड येतात. बोट वर काढल्यावर असा फोड सुईनं टोचून बघा, आतलं पाणी व्हिनेगरसारखं वास मारतं. डोळे सांभाळून टोचा, ते दाबानं उडतं. मालीम, कुटबण, खारीवाडा, कुठल्याही जेटीवरच्या ट्रॉलरवाल्यांनी वर काढलेल्या तळावरून हात फिरवून बघावा.

जुन्या होड्यांची गोष्ट वेगळी होती. आंब्याच्या लाकडाची, काथ्यानं शिवलेली होडी करताना मेस्त काय करतोय ते आपल्या आजोबांना कळायचं. गाठ दिसायची, कीड दिसायची, शिवण ढिली असेल तर बोटाला लागायची. फायबरमध्ये खोट झाकली जाते आणि वरून पॉलिशही होते. म्हणून बघायचं ते झाकायच्या आधी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. 'कधी देणार?'

बंदीचे दोन महिने म्हणजे आपल्याकडचा ऐन पावसाळा. फायबरच्या कामाला वर्षातला सगळ्यात वाईट काळ. हवेत दमट, मॅट ओल धरते, ओल्या मॅटला रेझिन धरत नाही आणि थर दुधी दिसतो. नेमकं याच दिवसांत आपण सगळं काम सांगतो, कारण होडी रिकामी याच दिवसांत असते. आणि 1 ऑगस्टला दर्यात जायचंच, म्हणून 20 जुलैपासून शेडवाल्याला दिवसाला चार फोन. मग तो काय करतो? हार्डनर वाढवतो. साधारण 1 ते 2 टक्क्यांच्या आत घालायचं असतं, तो सढळ हातानं ओततो. रेझिन वीस मिनिटांच्या ऐवजी आठ-दहा मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. रोलर निम्म्यात असतानाच मॅट ओढली जाते, धागे रोलरला चिकटतात. मग हात थांबतो. जिथं थांबला तिथं हवा कायमची राहिली. किंवा एका दिवसात पाच-सहा थर ओल्यावर ओला चढवतो. आतली उष्णता बाहेर पडत नाही, थर तापतो, वाकतो, बारीक तडे जातात.

घाईत केलेल्या होड्यांचं मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीच्या पैशातून हजारो फायबर होड्या सांगितल्या गेल्या. रातोरात शेड उभ्या राहिल्या, अनुभव नसलेले हात कामाला लागले आणि त्यातल्या अनेक होड्या निकृष्ट निघाल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेला लहान फायबर होड्या कशा बांधाव्यात याच्या मार्गदर्शक पुस्तिका काढाव्या लागल्या. तिथं निदान त्सुनामीचं संकट होतं. आपल्याकडे बंदी दरवर्षी त्याच तारखेला येते आणि त्याच तारखेला उठते, तरी आपण दरवर्षी जुलैतच धावतो.

शेडमध्ये काम करणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. रेझिनचा वास डोक्यात जातो, काचेची खाज दिवसभर जात नाही, पावसाळ्यात ताडपत्र्या चारी बाजूंनी सोडलेल्या, आत घुसमट. बहुतेक पोरं होडीमागे ठरलेल्या रकमेवर राबतात. रोलर अर्धा तास जास्त फिरवला म्हणून त्यांना कुणी रुपया जास्त देत नाही. उलट दुसरी होडी सुरू करायला उशीर होतो. मग ती का फिरवतील? हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारायला हवा.

कुणी म्हणेल, व्हॅक्यूमनं करून घ्या, हाताचा भरवसाच नको. ती पद्धत चांगली आहे, वाद नाही. ओल्या थरावर प्लास्टिक टाकून कडा सील करायच्या आणि पंपानं हवा ओढायची, म्हणजे बाहेरची हवाच थर दाबते. पूर्ण व्हॅक्यूमला चौरस मीटरला सुमारे 10 टन! तेवढ्या जागेत सहा माणसं दाटीवाटीनं उभी राहिली तरी अर्धा टन होत नाही. शिवाय हा दाब सगळीकडे सारखा आणि रेझिन घट्ट होईपर्यंत टिकणारा. रोलरचा दाब जिथं टेकला तिथं आणि तेवढ्यापुरता. पण त्याला पंप, नीट सील, हळू घट्ट होणारं रेझिन आणि शिकलेला माणूस लागतो. जास्त ओढलं तर तेही बिघडतं, रेझिन नको तितकं निघून जातं आणि उरलेल्याला आतून बुडबुडे येतात. तळावरच्या ठिगळासारख्या लहान कामाला कुणी करत असेल तर जरूर करून घ्या. अख्ख्या होड्या मात्र पुढची बरीच वर्षं हातानंच होणार. म्हणून आमचं लक्ष हातावर.

हातावर लक्ष ठेवायला इंजिनियर लागत नाही. एक, मॅट किती किलो आणि रेझिन किती किलो गेलं, ते बिलावरून घ्या. जेलकोट वेगळा धरा. नुसत्या मॅटचं काम असेल तर 1 किलो मॅटला सव्वादोन ते अडीच किलो रेझिन ठीक आहे. मध्ये विणलेलं रोव्हिंग असेल तर आणखी कमी लागायला हवं. थोडं सांडलवंड होणारच, पण हिशेब तीन पटीच्या वर गेला तर समजा, रोलरनं सुट्टी घेतली. दोन, आतून रंग मारायच्या आधी बोलवायला सांगा. संध्याकाळी जा, बाहेरून मोठी बॅटरी लावा आणि आतून बघा. साच्यातून काढलेल्या होडीचा जेलकोट फिक्या रंगाचा असेल तर उजेड आरपार येतो आणि हवेचे बुडबुडे, कोरडे पट्टे पांढरे दिसतात. गडद जेलकोटला हे जमत नाही, तिथं नाण्यानं ठोकत जा. भरलेल्या जागी आवाज खणखणीत, पोकळ जागी भद्द. खडूनं खूण करा आणि ती जागा तिथल्या तिथं घासून भरून घ्या. घरातल्या बायकांनाही न्या. माठ घेताना वाजवून बघणारे कान या कामात आपल्यापेक्षा पक्के असतात, चेष्टा नाही करत.

दुरुस्तीवाल्यांसाठी एवढंच. खाऱ्या, ओल्या तळावर ठिगळ धरत नाही. आधी गोड्या पाण्यानं धुवा, छपराखाली सुकू द्या. मग जुनं काम काच दिसेपर्यंत घासून, जाडीच्या निदान 12 पट लांब उतार काढून त्यावर थर घ्या. ठिगळाखाली राहिलेली हवा ही ठिगळ निघायची पहिली सुरुवात. रेती भरलेली पोती ठेवून दाबायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती आम्हाला पटत नाही. पोत्याखाली दाब सारखा पडत नाही, मधलं रेझिन निघून जातं आणि कडा उचललेल्या राहतात.

आता आमचा प्रस्ताव. सोसायटीमार्फत जे सभासद होडी सांगतील त्यांच्या कागदावर 'इतके एमएम' असं न लिहिता थर किती आणि कुठले, मॅट किती किलो, रेझिन किती किलो, हे लिहायचं. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे आणि मधला हप्ता रंगाआधी बॅटरी लावून बघितल्यावर. रोलरच्या कामाची मजुरी वेगळी धरायची, होडीमागे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. नवीन होडी दिवाळीनंतर सांगायची आणि मेच्या आत ताब्यात घ्यायची, म्हणजे पावसाळा फक्त दुरुस्तीला उरेल. यातली खरी अडचण आम्हाला माहीत आहे. दिवाळीनंतर हातात आगाऊ रक्कम कुठून आणायची? हंगाम तेव्हा चालू असतो आणि पैसा डिझेलात, जाळ्यात, देण्याघेण्यात फिरत असतो. पहिल्या हप्त्यापुरतं सोसायटीनं कर्ज द्यावं असं आम्हाला वाटतं. काही सभासदांचा याला विरोध आहे, जुनी थकबाकी आधी वसूल करा म्हणतात. त्यांचंही चूक नाही. हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेतोय.

सभेला येताना ज्यांच्याकडे होडीचा कापलेला किंवा फुटलेला तुकडा असेल त्यांनी तो घेऊन या. इंजिनासाठी भोक पाडताना निघालेला तुकडाही चालेल. प्रयोगशाळेत असा तुकडा जाळून आतली काच वजन करता येते, म्हणजे काच किती आणि रेझिन किती ते नेमकं कळतं. पाच-सहा तुकडे जमले तर एकदम पाठवू, खर्च सोसायटी करेल. तुकड्यावर होडीचं वर्ष तेवढं लिहा. शेडचं नाव लिहू नका.